पुसून पाठवलेली पानं

स्वच्छ पानांचा मला राग येतो. आमच्या प्रयोगशाळेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. एखाद्या शेतकऱ्यानं तपासणीला आणलेली पिशवी मी टेबलावर उपडी केली आणि आतून एकसारखी, हिरवीगार, चकचकीत पानं निघाली, की शेजारच्या टेबलावरची पोरं मान खाली घालून हसायला लागतात. पुढची पाच मिनिटं मी त्या माणसाची शाळा घेणार, हे त्यांना माहीत असतं. कुठल्या झाडाची तोडली? किती झाडांची? पुसली का? माणूस गोंधळतो. "मॅडम, चांगली निवडून आणलीत की," म्हणतो. मग तर माझं डोकंच फिरतं. चांगली कशाला आणलीत? बाग चांगली असती तर इथं आला असतात का?

लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

मी नगरला एमआयडीसीच्या बाजूला एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत काम करते. माती, पाणी आणि पानांचे नमुने उतरवून घ्यायचे, त्यावर नंबर टाकायचे आणि शेवटी रिपोर्ट छापून हातात द्यायचा, एवढं माझं काम. मधली जाळणं, विरघळवणं, मोजणं ही कामं आतली पोरं करतात. पण इतकी वर्षं रिपोर्ट छापून छापून आकड्यांकडे बघितलं की बाग कशी असेल ते मला कळतं, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायची. आता नाही सांगत.

माझं माहेर श्रीगोंदा तालुक्यात. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. घरी आई, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि लिंबोणीची बाग. कागदी लिंबाच्या अकरा ओळी. ही बाग आईची. सातबाऱ्यावर तिचं नाव कुठेही नाही, पण खड्डे तिनं घेतलेले, रोपं तिनं लावलेली आणि ठिबक यायच्या आधी दोन उन्हाळे विहिरीवरून हंडे वाहून ती तिनंच जगवलेली. लिंबोणीला काटे असतात. लहानपणी आई आमच्या डोक्याला तेल लावायची तेव्हा तिच्या तळहाताची साल केसांत अडकायची, आणि मनगटापासून कोपरापर्यंत कायम ओरखडे. मला वाटायचं सगळ्यांच्याच आयांचे हात असे असतात.

लग्नानंतर दोन वर्षांनी मी जमिनीतल्या माझ्या वाट्याची हक्कसोड भावाला करून दिली. आमच्याकडे बहिणी देतातच. रजिस्ट्रारसमोर सही केली, भावानं साडी घेतली, आईनं पुरणपोळी केली, विषय मिटला. तेव्हा राग आला नव्हता. आता येतो, पण त्याला आता काय अर्थ आहे!

बाग बिघडायला लागली ती हळूहळू. आधी शेंड्याची नवी पानं पिवळी यायला लागली. पान पिवळं आणि त्यातली शिरांची जाळी तेवढी हिरवी. मग पानंच बारीक व्हायला लागली, अरुंद, टोकदार, एका जागी झुपक्यानं आलेली. फांद्या शेंड्याकडून वाळत खाली यायला लागल्या. लिंबू बोराएवढं होऊन गळायचं. भाऊ मोबाईलवर फोटो काढून तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रवाल्याला पाठवायचा. तो दुकानदार फोटो बघून एका मिनिटात सांगायचा, अठरा-सेहेचाळीसच्या गोण्या टाका आणि वरून टॉनिक मारा. अठरा-सेहेचाळीस म्हणजे डीएपी, नत्र आणि स्फुरदाचं खत. दर बहराला गोण्या, दर बहराला टॉनिकची नवी बाटली, बाटलीवर दर वेळी नवा पहिलवान नाहीतर नवा वाघ. त्या झाडांना काय खायला हवंय हे त्यांना कोणी एकदाही विचारलं नाही.

विचारता येतं हो! पान तोडून तपासता येतं. मी रोज दुसऱ्यांचं तेच करत होते, आणि माझ्या आईची बाग एका दुकानदाराच्या मोबाईलवर चालली होती. याचा राग मी कुणावर काढू?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर भावानं जाहीर केलं की बाग काढायची आणि ऊस लावायचा. कालव्याला पाण्याचं आवर्तन येतंय, कारखाना जवळ आहे, उसाला काटे नाहीत, माणसं लागत नाहीत. त्याचं सगळं बोलणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिला कोणी काही विचारत नव्हतं.

"झाडं म्हातारी झालीत ताई," भाऊ म्हणाला. "दुकानदार बी म्हनतो, आता न्हाई सुदरायची."

"म्हातारी नाहीत, उपाशी आहेत," मी म्हणाले. "पान परीक्षण कर."

"कोन खर्च करनार आता त्याच्यावर?"

"मी करते. तू फक्त पानं पाठव."

आणि मग मी ती पैज लावली. मीच लावली, त्यानं नाही. रिपोर्टात अन्नद्रव्यांची कमतरता निघाली तर तू बागेला वर्षभर हात लावायचा नाहीस, मी सांगेन तसं खत द्यायचं. नाही निघाली तर तुला हवं ते कर, मी एक शब्द बोलणार नाही. भाऊ लगेच तयार झाला. मला एवढी खात्री होती की मी हसत हसत बोलत होते. ती पिवळी पानं समोर दिसत असताना कमतरता निघणार नाही, हे शक्यच नव्हतं. त्याच्या हातात हात देऊन मी वचन घेतलं आणि दिलंही. आई तेव्हा शेळीला पाणी दाखवायला बाहेर गेली होती.

नगरला आल्यावर मी भावाला व्हॉट्सॲपवर सगळं नीट लिहून पाठवलं. बागेतून तिरकं चालत जायचं. वीस-पंचवीस झाडं घ्यायची, मधली, कडेची नाहीत. झाडाच्या चारी बाजूंनी, छातीच्या उंचीवरून, फळ नसलेल्या फांदीचं, शेंड्याकडून तिसरं-चौथं पान. फार कोवळं नको, फार जून नको. मुद्दाम हिरवं नको, मुद्दाम पिवळंही नको. महिनाभरात फवारणी झाली असेल तर आधी मला सांग. भावानं अंगठा पाठवला. तो अंगठा अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे.

आठवड्यानं गावच्या एका माणसाबरोबर पिशवी आली. मी ती टेबलावर उघडली आणि खरं सांगते, मला पोटातून बरं वाटलं. लोक खताच्या गोणीत, दुधाच्या पिशवीत, कुजलेली, मातीनं माखलेली पानं आणून टाकतात. आमच्या घरची पानं कागदी पिशवीत, एकावर एक रचून, दोऱ्यानं बांधलेली. एकाही पानावर धुळीचा कण नाही. मी शेजारच्या पोराला दाखवलं. "बघ," म्हटलं, "याला म्हणतात नमुना." पोरगा पण म्हणाला, मॅडम, तुमच्या घरचे म्हणजे काय! मी नंबर टाकला आणि पिशवी आत दिली.

एवढी मोठी, एवढी हिरवी, एवढी एका मापाची पानं त्या बागेतून येऊच शकत नव्हती. ती बाग मी थोड्याच दिवसांपूर्वी डोळ्यांनी पाहिली होती. परक्या माणसाची पिशवी असती तर मी त्याला तिथंच उभा आडवा घेतला असता. घरची होती म्हणून मी कौतुक करत बसले.

रिपोर्ट मीच छापला. नत्र, स्फुरद, पालाश, लोह, जस्त, मँगनीज, सगळ्यांसमोर एकच शब्द, पुरेसे. मी आतल्या पोरांना दोनदा तपासायला लावलं. पुन्हा तेच आलं. मला वाटलं, चुकलं आपलं, रोगच असेल. विषाणूचा असेल, मुळांचा असेल. भावाला फोन करून आकडे वाचून दाखवले तेव्हा माझा आवाज बारीक झाला होता. त्यानं मला एका शब्दानं टोचलं नाही, उलट म्हणाला, "जाऊ दे ताई, तू करून बगितलंस." मी फोन ठेवला आणि पुढचा नमुना उतरवायला घेतला.

गुरुवारी बागेत जेसीबी लागला. मला शुक्रवारी कळलं, तेही भावजयीच्या फोनवरून, सहज बोलता बोलता. रविवारी सुट्टी होती म्हणून सकाळच्या एसटीनं गेले. वचन दिलं होतं, भांडायचं नव्हतं. आईजवळ बसायचं होतं फक्त.

बांधावरून दिसलं, चार ओळी गेल्या होत्या. झाडं आडवी पडलेली, मुळं वर, मुळांना चिकटलेल्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे. पाचव्या ओळीच्या तोंडाशी यंत्राचा पाइप फुटला म्हणून काम थांबलं होतं, सोमवारी माणूस दुरुस्तीला येणार होता. मी एका पडलेल्या झाडाशी वाकले आणि त्याची फांदी हातात घेतली. पानं अजून पुरती सुकली नव्हती. बोटाच्या पेराएवढी, अरुंद, पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. इथं जस्त पुरेसं? इथं लोह पुरेसं? माझ्या हातानं छापलेला तो कागद मला डोळ्यांसमोर दिसत होता आणि हातात हे पान होतं. 

मी तशीच फांदी घेऊन घरात गेले. भाऊ जेवायला बसला होता, आई भाकरी थापत होती.

"पानं कोणी तोडली होती?" मी भावाला विचारलं.

"कुठली पानं?"

"तपासणीची! कोणी तोडली?"

तो आईकडे बघायला लागला. "मी गेल्तो कारखान्यावर. आईला म्हनलं, ताईनं शंभर पानं मागवलीत, तोडून ठेव."

मी आईकडे वळले. आईचा चेहरा उजळला. कोणीतरी एकदाचं तिला तिच्या कामाबद्दल विचारत होतं.

"मीच तोडली. मोरीपाशी लिंबोनीचं झाड हाय ना, त्याची. लई झ्याक पान हाय त्याला. भांड्याचं पानी, राख, शेळीच्या लेंड्या, समदं तिकडंच जातं. खराब पानं कशाला धाडायची? येकून येक पान पदरानं पुसलं बघ. शेरातली मानसं बघनार, आपल्या बागेला नावं ठेवाया नगं. चांगली दिसली तर ह्यो काढायचा न्हाई, म्हनलं."

चूल पेटलेली होती, तवा तापला होता. भावाचा घास हातातच राहिला.

आमच्या घरातून बाहेर कुणासमोर जाणारी कुठलीही वस्तू आई पुसून पाठवते. शेजारी डबा जायचा तर कडा पुसून, लिंबं बाजारात जायची तर वरचा थर पुसून. मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा पोह्यांची ताटली हातात देण्याआधी तिनं माझं तोंड याच पदरानं पुसलं होतं, इतक्या जोरात की गाल लाल झाले होते. जिथं परकी माणसं पारखून हो किंवा नाही म्हणणार, तिथं चांगलं तेच दाखवायचं, हे ती आयुष्यभर शिकलेली. तिच्या बागेला बघायला नगरची माणसं बसली होती. तिनं तिला नटवून पाठवलं.

मी ओरडले. आईवर नाही, पण तिच्यासमोर. भावाला म्हणाले, "मी तुला एवढं लिहून पाठवलं होतं, ते वाचलंस तरी का? अंगठा कसला दाखवलास मला?"

तोही उठला. "तुझ्या लॅबचा शिक्का हाय त्याच्यावर! तू उतरवून घेतलीस, तूच छापलंस, तूच फोन केलास. तुला दिसलं न्हाई? का मीच आंधळा?"

 मी तरी ओरडतच राहिले, दुकानदाराला, टॉनिकला, उसाला, कशाकशाला शिव्या देत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते. पण खरा राग कशाचा होता ते आज सांगते. तिरकं चालायचं, तिसरं पान, चौथं पान, हे सगळं मी भावाच्या मोबाईलवर पाठवलं, ज्यानं वर्षभरात त्या बागेत धड दहा फेऱ्या मारल्या नसतील. जी बाई रोज उठून त्या प्रत्येक झाडाच्या बुडाशी वाकते, तिला मी एक फोन केला नाही. दुसऱ्यांच्या बायकांना मी रोज सांगते, ताई, असं तोडा, तसं तोडा. माझ्या आईला कळायचं नाही, असं मी न ठरवताच ठरवून टाकलं होतं.

आमचं भांडण चालू असताना आईनं तवा उतरवला. "म्हंजी माजी पानं चांगली निघाली म्हनून झाडं काडली?" तिनं विचारलं.  तिनं हात धुतले, कोनाड्यातली पिशवी घेतली आणि बागेकडे निघाली.

मी मागे धावले. ती पाचव्या ओळीत शिरून भराभर पानं तोडत होती, आणि तोडत होती ती सगळी वाईटातली वाईट. वाळलेली, पिवळीजर्द, अळीनं खाल्लेली. काट्यांनी हात फाटत होते, तिकडे लक्ष नव्हतं.

"आई, नुसती वाईटही नकोत."

"मंग कशी गं?" ती माझ्यावर खेकसली. "चांगली बी न्हाई, वाईट बी न्हाई. कशी द्यायची तुमाला?"

"आहेत तशी."

ती पिशवी रिकामी करून माझ्याकडे बघत उभी राहिली. मग मी तिला दाखवलं. उरलेल्या सात ओळींतून आम्ही दोघी तिरक्या चालत गेलो. छातीच्या उंचीवर, चारी बाजूंनी, तिसरं पान, चौथं पान. दोन झाडांत ती शिकली. पाचव्या झाडापासून ती मला सांगायला लागली, ही फांदी नको, हिच्यावर गेल्या बहराला फळ होतं, हे पान नको, हे पावसाळ्याच्या आधीचं आहे. फांदीचं वय तिला बघून कळत होतं. आमच्या आतल्या पोरांनाही ते असं सांगता येणार नाही. एक पान तोडल्यावर तिचा हात सवयीनं पदराकडे गेला आणि तिथंच थांबला.

भावानं जेसीबीवाल्याला फोन करून सोमवारी नको म्हणून सांगितलं. हे तो स्वतःहून करून आला, मी सांगितलं नव्हतं. म्हणून त्याच्यावर पुरतं रागावताही येत नाही.

या वेळी आईनं चार ठिकाणची मातीही खोदून दिली होती. पंधरवड्यानं दुसरा रिपोर्ट आला. पानांत जस्त कमी, लोह कमी, मँगनीज कमी. मातीत चुनखडी जास्त, आणि स्फुरद एवढं साचलेलं की आतल्या पोरानं मशीन बिघडलं का बघितलं. दर बहराच्या त्या गोण्या सगळ्या तिथं पडून होत्या. स्फुरदाचा ढीग झाला की झाडाला जस्त घेता येत नाही, आणि चुनखडीत लोह असूनही झाडाच्या तोंडी लागत नाही. पुढ्यात एकाच पदार्थाचा ढीग वाढायचा आणि बाकीचं ताट रिकामं ठेवायचं, असं आम्ही कित्येक वर्षं त्या झाडांशी वागलो. दुकानदाराला भावानं रिपोर्ट दाखवला, तर तो म्हणाला, "आमच्याकडं जस्ताचं पन चांगलं टॉनिक आलंय." मी तिथं नव्हते हे त्याचं नशीब.

अठरा-सेहेचाळीस बंद केलं. शेणखत घातलं, गंधक घातलं, नव्या पालवीवर जस्त आणि लोहाच्या फवारण्या दिल्या. फवारणीचा पंप पाठीवर भाऊच घ्यायचा आणि आई पुढे चालत कुठे मारायचं ते सांगायची.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा सात ओळींवर नवी पालवी होती. अजून बाग सुधारली असं नाही म्हणता येणार, पण पान रुंद आलंय आणि हिरवं आलंय. चार ओळींच्या जागी गुडघ्याएवढा ऊस उभा आहे. मोकळं रान पडू द्यायचं नाही म्हणून भावानं लावला. 

आई मोरीपाशी भांडी घासत होती, मी विसळत होते. ती मान वर न करता म्हणाली, "त्या चार वळी बी उपाशीच हुत्या न्हवं?"

नाही, त्यांना रोग होता, असं मला म्हणता आलं असतं. वर्षानुवर्षं बागांचे रिपोर्ट छापणाऱ्या बाईवर तिनं विश्वास ठेवला असता.

"हो," मी म्हणाले.

 आईनं भांडी पालथी घातली, हात पुसले. मग खरकट्या पाण्याची बादली उचलली, नेहमीसारखी मोरीजवळच्या झाडाच्या बुडात ओतली नाही, आणि ती तशीच कमरेवर घेऊन उसाच्या कडेनं पाचव्या ओळीकडे चालत गेली.